त्याने तिकडे बँकरप्सी फाइल केली, मग माझी पोटगी गेली का?

मुलुंडहून एका ताईंचं पत्र आलंय, मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. लग्न करून त्या न्यू जर्सीला गेल्या, एडिसनला नऊ वर्षं संसार केला, २०२१ मध्ये तिथल्याच कोर्टात घटस्फोट झाला आणि कोर्टाच्या परवानगीने मुलीला घेऊन त्या इकडे आईवडिलांकडे आल्या. जजमेंटमध्ये मुलीसाठी महिना ९०० डॉलर, ताईंना ६०० डॉलर अलिमनी, घरातल्या हिश्श्याचे ३८,००० डॉलर हप्त्याहप्त्याने, आणि दोघांच्या नावावर असलेल्या क्रेडिट कार्डाचे ११,००० डॉलर त्याने एकट्याने फेडायचे असं ठरलं होतं. गेले सात महिने एक डॉलर आलेला नाही. आता पोस्टाने बँकरप्सी, म्हणजे दिवाळखोरीच्या, कोर्टाचं पाकीट आलंय आणि ठाण्याची आधीची नणंद फोनवर म्हणाली की तिकडे एकदा फाइल केलं की सगळं माफ होतं, दादा पाच हजार डॉलर एकरकमी देतोय, सही करून मोकळी हो. भाऊ म्हणतो वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात केस टाकू. ताई विचारतात, माझं नक्की काय उरलं? आणि शेवटच्या ओळीत, मुलगी विचारते बाबा गरीब झाले का, तिला काय सांगू?

ताई, आधी एकच सांगते, त्या कागदावर सही करू नका. आज नाही, उद्या नाही, आणि तिकडच्या वकिलाने वाचल्याशिवाय तर अजिबातच नाही. तुमच्या नणंदेने जे सांगितलं ते चुकीचं आहे. बँकरप्सीने क्रेडिट कार्डवाले, हॉस्पिटलची बिलं, पर्सनल लोन हे बऱ्याचदा सुटतात हे खरं, पण बायकामुलांचा खर्च सुटत नाही, अमेरिकेत तर कायद्यात तसं सरळ लिहून ठेवलंय. आणि नीट विचार करा, सगळंच माफ होणार असतं तर त्याने पाच हजार देऊ केलेच नसते.

आता पाकीट उघडा. घाबरून तुम्ही ते कपाटात ठेवलंय असं लिहिलंय, मला कळतं ते, पण माझ्याकडे एक बाई आल्या होत्या त्यांनी असंच पाकीट चार महिने उघडलं नव्हतं आणि तोपर्यंत तिकडे त्याचा प्लॅन मंजूरसुद्धा झाला होता, मग जे वाचवता आलं असतं ते वाचवताना खूप त्रास झाला. पहिल्याच पानावर वरच्या बाजूला चॅप्टर लिहिलेला असतो, ७ (मालमत्ता विकून वाटायची, बाकीचं सुटतं) किंवा १३ (प्लॅन करून काही वर्षं हप्त्याने फेडायचं). हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा, कारण तुमच्या चार रकमांपैकी दोन रकमांचं भवितव्य त्या आकड्यावर आहे.

मुलीचे ९०० आणि तुमचे ६०० यांना तिकडे डोमेस्टिक सपोर्ट ऑब्लिगेशन, थोडक्यात सपोर्ट, म्हणतात. बँकरप्सी कोडच्या कलम ५२३ मध्ये जी कर्जं सुटत नाहीत त्यांची यादी आहे, त्यात पाचव्या नंबरला हे. चॅप्टर ७ असो नाहीतर १३, हे पैसे सुटत नाहीत, सात महिन्यांची थकबाकीसुद्धा नाही आणि पुढचे महिनेही नाहीत. इतकंच नाही, ज्याला जे मिळायचं त्याची जी रांग लागते त्या रांगेत हे पैसे पहिल्या नंबरला असतात, बँकांच्या आणि टॅक्सवाल्यांच्या पुढे, फक्त मालमत्ता विकून द्यायला ट्रस्टीला, म्हणजे केस सांभाळायला नेमलेल्या माणसाला, जो खर्च येतो तो आधी निघतो. अजून एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते, एरवी बँकरप्सीत माणसाला थोडी मालमत्ता स्वतःकडे ठेवता येते आणि बाकीचे लोक तिला हात लावू शकत नाहीत, पण सपोर्टच्या थकबाकीसाठी ती ठेवलेली मालमत्तासुद्धा जबाबदार राहते.

घराचे ३८,००० आणि कार्डाचे ११,००० हे वेगळं प्रकरण. हे सपोर्ट नाही, घटस्फोटातली वाटणी आहे. त्याच यादीत पंधराव्या नंबरला हे येतं, घटस्फोटाच्या जजमेंटमधून किंवा करारातून आधीच्या बायकोला देणं लागत असलेली बाकीची रक्कम. चॅप्टर ७ असेल तर हेही सुटत नाही. आधी यासाठी बायकोला बँकरप्सी कोर्टात वेगळा दावा लावून भांडावं लागायचं आणि त्याला ६० दिवसांची मुदत असायची, कोणाला जास्त त्रास होईल याचा तोल जज बघायचे, पण २००५ च्या बदलानंतर ती कटकट गेली, आता ते आपोआप सुटत नाही. मात्र चॅप्टर १३ असेल आणि त्याने तीन ते पाच वर्षांचा प्लॅन शेवटपर्यंत पूर्ण केला तर वाटणीचा जो भाग त्या प्लॅनमधून मिळाला नसेल तो पुसला जाऊ शकतो. म्हणून मी चॅप्टर चॅप्टर करतेय. जर तुमच्या पाकिटावर ७ असेल आणि पुढे कधी केस १३ मध्ये कन्व्हर्ट झाल्याची नोटीस आली तर त्या दिवशी झोपू नका, वकिलाला मेल करा.

आणि १३ असेल तर काय करायचं तेही सांगते, कारण तिथे तुमच्या हातात खरंच काहीतरी आहे. कायदा असं म्हणतो की रकमेला जजमेंटमध्ये नाव काय दिलंय यापेक्षा ती रक्कम कशासाठी होती ते बघायचं. न्यू जर्सी ज्या थर्ड सर्किट नावाच्या वरच्या अपील कोर्टाखाली येतं त्या कोर्टाने १९९० मध्येच सांगितलंय की करारातली भाषा आणि आशय बघा, त्यावेळी दोघांची पैशाची परिस्थिती काय होती ते बघा, आणि ती रक्कम प्रत्यक्षात काय काम करत होती ते बघा. तुम्ही पत्रात एका ओळीत लिहिलंय की अलिमनी हजार मागत होतात पण घराचे हप्ते दर महिन्याला येणार, त्यातून भाडं निघेल म्हणून सहाशेवर मान्य केलंत. ताई, ही ओळ तुमच्या सगळ्या पत्रात सगळ्यात मोलाची आहे! तेव्हाचे मेल, वकिलाची पत्रं, मेडिएशनच्या नोट्स, जे काही असेल ते शोधून ठेवा, कारण हप्ते म्हणजे वाटणी नसून तुमचा घरखर्च होता असं दाखवता आलं तर ते ३८,००० सपोर्टमध्ये जाऊ शकतात आणि मग १३ मध्येसुद्धा पूर्ण द्यावेच लागतात. १३ च्या प्लॅनमध्ये थकलेला सपोर्ट पूर्ण फेडायचं दाखवावं लागतं, फाइल केल्यानंतरचा सपोर्ट चालू ठेवला नसेल तर प्लॅन मंजूर होत नाही, आणि शेवटी डिस्चार्ज, म्हणजे कर्जातून सुटल्याचा हुकूम, मिळवायच्या आधी त्याला सगळा सपोर्ट भरलाय असं लिहून द्यावं लागतं. मध्येच भरायचं थांबवलं तर केस काढून टाकायला तेवढं कारण पुरतं.

आता क्रेडिट कार्डाबद्दल, कारण यात फसायला होतं. जजमेंटने तुम्हा दोघांमध्ये ठरवलं की तो फेडणार, पण बँक त्या जजमेंटमध्ये पार्टी नव्हती, बँकेसाठी तुम्ही दोघंही कर्जदार. त्याचं देणं बँकेपुरतं सुटलं की बँक तुमच्याकडे वळते, फोन मुलुंडला येतील, क्रेडिट रिपोर्ट तुमचा खराब होईल. म्हणजे त्याने बँकेला दिलेला शब्द सुटला तरी तुम्हाला कोर्टात दिलेला शब्द चॅप्टर ७ मध्ये सुटत नाही, तुम्हाला जे भरावं लागेल ते तुम्ही त्याच्याकडून मागू शकता. जजमेंटमध्ये त्याने तुम्हाला या कर्जापासून नुकसान होऊ देणार नाही असं वाक्य आहे का ते बघा, असलं तर त्यावर खूण करून ठेवा. बँकेचा फोन आला तर फोनवर काहीही कबूल करू नका, लिहून पाठवा म्हणावं.

एक मोठी सावधगिरी. केस फाइल झाली की ऑटोमॅटिक स्टे लागतो, म्हणजे वसुली थांबवा असा कोर्टाचा हुकूम, आणि तो मोडला तर नुकसानभरपाई तुमच्याकडून मागितली जाऊ शकते. पण सपोर्टला त्यात मोठी सूट आहे. पगारातून सपोर्ट कापायची ऑर्डर असेल तर ती कपात चालू राहते, टॅक्स रिफंड अडवणं चालू राहतं, ड्रायव्हिंग लायसन्स रोखणं चालू राहतं, मुलीच्या ताब्याची किंवा सपोर्ट वाढवा-कमी करायची फॅमिली कोर्टातली केससुद्धा थांबत नाही. मात्र घराचे हप्ते आणि कार्डाचे पैसे याला ती सूट नाही, तिकडे स्टे उठेपर्यंत तुमच्या वकिलाने त्यासाठी नोटीस, जप्ती, धमकीचा मेल काहीही करायचं नाही. चॅप्टर ७ मध्ये साधारण चार महिन्यांत डिस्चार्ज मिळतो, नंतर वाटणीचे पैसे परत मागता येतात कारण ते सुटलेलेच नसतात. तेवढं थांबा.

ठाण्याच्या फ्लॅटबद्दल तुम्ही अगदी जाता जाता लिहिलंय, की त्याच्या आणि त्याच्या वडिलांच्या नावावर घोडबंदर रोडला एक फ्लॅट आहे. ताई, बँकरप्सी फाइल करणाऱ्याला आपली सगळी मालमत्ता लिहून द्यावी लागते, जगात कुठेही असली तरी, इंडियातली धरून, अर्धा हिस्सा असला तरी, आणि ते खोटं बोललं तर शिक्षा होऊ शकते या प्रतिज्ञेखाली. हा फ्लॅट त्याने लिहिलाय का ते तुम्ही घरी बसून बघू शकता. तिकडच्या फेडरल कोर्टांची पेसर नावाची साइट आहे, अकाउंट काढायचं, पानाला १० सेंट, एका डॉक्युमेंटला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तीन महिन्यांत बिल ३० डॉलर किंवा कमी झालं तर तेही घेत नाहीत. नोटिशीवर केस नंबर असतो तो टाका, शेड्यूल ए-बी उघडा, ती मालमत्तेची यादी. शेड्यूल ई-एफ मध्ये कोणाचं किती देणं आहे ते असतं, तिथे तुमचं नाव सपोर्ट म्हणून लिहिलंय का नुसतं साधं कर्ज म्हणून ढकललंय तेही बघा.

फ्लॅट लिहिलेला नसेल तर ट्रस्टीला लिहा, त्याचं नाव पत्ता नोटिशीवरच असतो. साध्या इंग्रजीत, भांडण न आणता, जेवढं तुम्हाला नक्की माहीत आहे तेवढंच, इंडेक्स टू ची, म्हणजे फ्लॅटच्या नोंदणीच्या उताऱ्याची, कॉपी असेल तर जोडा. इंडेक्स टू महाराष्ट्राच्या रजिस्ट्रेशन खात्याच्या साइटवर शोधता येते. अमेरिकेतला ट्रस्टी घोडबंदरचा फ्लॅट विकायला येईल अशी आशा मी लावणार नाही, ते अवघड आहे, पण मालमत्ता लपवली तर त्याचा सगळाच डिस्चार्ज नाकारला जाऊ शकतो आणि तो तिकडे फौजदारी गुन्हाही आहे, त्यामुळे हे उघड झालं की तुमच्या सात महिन्यांच्या थकबाकीबद्दल त्याचा वकील वेगळ्या सुरात बोलायला लागतो. डिस्चार्जलाच हरकत घ्यायची मुदत मीटिंग ऑफ क्रेडिटर्सच्या, म्हणजे ज्यांचे पैसे त्याच्याकडे अडकलेत त्यांच्या बैठकीच्या, पहिल्या तारखेपासून ६० दिवस असते, ती तारीख नोटिशीवर आहे, कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा.

ती मीटिंग हल्ली झूमवर होते. तुम्ही मुलुंडमधून हजर राहू शकता, राहायलाच पाहिजे असं नाही, पण मी तुमच्या जागी असते तर राहिले असते. ट्रस्टी त्याला शपथेवर प्रश्न विचारतो आणि ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनाही विचारू देतो. तीनचारच प्रश्न ठेवा, सध्या नोकरी कुठे, बोनस किंवा शेअर मिळणार आहेत का, भारतात काय मालमत्ता आहे आणि गेल्या दोन वर्षांत भारतात किंवा नातेवाइकांना किती पैसे पाठवले. मुलीचं, जुन्या भांडणाचं तिथे काढू नका, पाच-दहा मिनिटांचा मामला असतो आणि ट्रस्टी लगेच थांबवतो.

प्रूफ ऑफ क्लेम म्हणजे तुमचं येणं किती आहे तो फॉर्म. चॅप्टर ७ मध्ये वाटायला काही नाही असं दिसत असेल तर नोटिशीवरच लिहिलेलं असतं की आत्ता भरू नका, नंतर काही सापडलं तर नवीन तारखेची नोटीस येते. १३ असेल तर फाइल झाल्यापासून ७० दिवसांत भरायचा, आणि पोस्टाने पाकीट मुलुंडला यायलाच यातले किती दिवस गेले असतील बघा. त्यात सपोर्ट वेगळा आणि प्रायॉरिटी म्हणून दाखवायचा, वाटणी वेगळी. सगळं एकत्र ५०-६० हजार असं लिहिलंत तर आपणच आपलं नुकसान केल्यासारखं होईल.

नोकरी सुटली म्हणून सपोर्ट कमी करा असा अर्ज तो फॅमिली कोर्टात करू शकतो, तो त्याचा हक्क आहे. तिकडून काही आलं तर उत्तर द्यायचंच, गप्प बसलात तर एकतर्फी कमी होईल. पण मुलीचा जो सपोर्ट आधीच थकलाय तो मागे जाऊन कमी करता येत नाही, १९८६ पासून तसा फेडरल कायदा आहे, अर्ज केल्याच्या पुढचाच विचार होतो. आणि तुम्हीही कोर्टाला सांगू शकता की आता त्याची बँकांची कर्जं सुटली, महिन्याला त्याच्या हातात जास्त उरतंय. चाइल्ड सपोर्ट प्रोबेशन खात्यातून, म्हणजे तिकडे कोर्टाचं जे खातं हे पैसे वसूल करून पाठवतं त्यातून, जात असेल तर तिथे फोन करून तुमचा आत्ताचा पत्ता आणि बँक खातं बरोबर आहे का विचारा, तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, थंडीत साडेसात. डिस्चार्जच्या वेळी ट्रस्टीला तुम्हाला त्याचा शेवटचा माहीत असलेला पत्ता आणि नोकरीचं ठिकाण कळवावं लागतं, हे तुमच्यासाठी सोनं आहे कारण तो कुठे काम करतो हेच तुम्हाला माहीत नाही असं लिहिलंय, नवीन कंपनी कळली की पगारातून कपात परत सुरू करता येते. तो अमेरिकन सिटिझन झाला असेल तर अजून एक, चाइल्ड सपोर्टची थकबाकी २,५०० डॉलरच्या वर गेली की पासपोर्ट नाकारला जातो. सात महिन्यांचे नुसते मुलीचे ६,३०० होतात.

भावाला सांगा वांद्र्याची घाई नको. अमेरिका आपल्या सिव्हिल प्रोसिजर कोडच्या कलम ४४ए खाली मान्य केलेल्या देशांमध्ये नाही, त्यामुळे तिकडची डिक्री इथे आणून सरळ वसूल करता येत नाही, त्यावर इथे नवा दावा लावावा लागतो आणि त्याला ३ वर्षांची मुदत असते. तो तिकडे, पगार तिकडे, ऑर्डर तिकडची, मग पैसे तिकडेच पकडायचे. तो कायमचा ठाण्याला परत आला तर गोष्ट वेगळी, तेव्हा मुलीसाठी इथे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे जुन्या १२५ खाली, अर्ज करता येईल. आणि इथे येऊन दिवाळं काढलं तरी पोटगीतून सुटका नाही. मुंबईला अजूनही लागू असलेल्या १९०९ च्या इन्सॉल्व्हन्सी कायद्याच्या कलम ४५ मध्ये या कलमाखालच्या पोटगीची ऑर्डर डिस्चार्जमधून वगळलेली आहे, २०१६ च्या नव्या कोडमध्ये तर कुठल्याही कायद्याखालची पोटगी वगळलीय, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बायकोमुलांच्या पोटगीचा हक्क बँकांच्या वसुलीच्या हक्काच्याही आधी येतो.

पाच हजाराच्या कागदाबद्दल परत एकदा, कारण फोन परत येणार. त्यात मुलीच्या पैशावर पाणी सोडायचं असेल तर तो हक्क मुलीचा आहे, आईला तो सोडून देता येत नाही असं न्यू जर्सीची कोर्टं मानतात. तुमच्या स्वतःच्या पैशाचं मात्र तुम्ही सही केली की गेलं. नणंदेला एवढंच म्हणा, जे बोलायचं ते त्याच्या वकिलाने लिहून माझ्या वकिलाला पाठवावं. तासाला ४०० डॉलर परवडत नाहीत म्हणून तुम्ही वकीलच करणार नाही असं लिहिलंय, तर पूर्ण केस देऊ नका, एक तास घ्या, आणि त्या तासाआधी त्याला तीन गोष्टी मेल करा, नोटिशीचं पहिलं पान, जजमेंट, आणि ती अलिमनी सहाशेवर का आणली त्याचे मेल. प्रश्न एकच ठेवा, ३८,००० सपोर्ट म्हणून दाखवता येतील का. बाकीचं बरंचसं तुम्ही स्वतः करू शकता, तुम्ही नऊ वर्षं तिकडे राहून इतकं सगळं निस्तरून आलात.

मुलीला सांगा, बाबांना बँकांचे पैसे देणं जमत नाहीये म्हणून त्यांनी कोर्टाकडे मदत मागितली, तुझ्या शाळेचे पैसे त्या यादीत नाहीत. गरीब झाले का याचं उत्तर तुमच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही, आणि तसंच सांगितलं तरी चालेल.

नोटिशीचं पहिलं पान मला पाठवा, केस नंबर आणि नावं पेनाने खोडून. चॅप्टर कुठला आणि मीटिंग कधी एवढं दिसलं तरी पुढचं उत्तर लगेच देते.